पोटाला चिमटा आणि घरची ज्वारी

प्रश्न : ताई, मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी आहे. पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. घरून महिन्याला साडेपाच हजार रुपये येतात. त्यांतले २,८०० कॉट बेसिसच्या खोलीला आणि १,६०० एक वेळच्या मेसला जातात. उरलेल्या अकराशे रुपयांत रिचार्ज, झेरॉक्स, जर्नल, साबण-तेल असे सगळे बसवावे लागते. दुपारी मेसमध्ये जेवते आणि रात्री चहा-बिस्किटांवर भागवते, कधी वडापाव खाते. घरी मात्र दोन्ही वेळ जेवते असे सांगते. तरीही महिनाअखेर दोन-तीनशे कमी पडतातच आणि मैत्रिणीचे आता १,८०० रुपये देणे झाले आहे. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत दोनदा चक्कर आली. खोलीतली मुलगी म्हणते, मोबाइलवरच्या ॲपवरून कर्ज काढ. खोलीत स्वयंपाकाला परवानगी नाही. रात्रीचे जेवण सोडले तर खरेच काही बिघडते का? आणि एवढ्या पैशांत पुण्यात निभाव लागेल का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुझ्याच पत्रात आहे. महिन्यातून दोनदा चक्कर येणे म्हणजे बिघडायला सुरुवात झालेली आहे. त्यामुळे हिशेब, योजना, मेस, कर्ज या सगळ्याच्या आधी एक काम कर. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा सरकारी रुग्णालयात जाऊन केसपेपर काढ, डॉक्टरांना चक्कर आल्याचे आणि रात्री जेवत नसल्याचे स्पष्ट सांग आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घे. तुझ्या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला होता, म्हणून यात लाजण्यासारखे किंवा घाबरून जाण्यासारखे काही नाही. मात्र तो अंगावर काढण्यासारखाही नाही. लोहाच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून मनाने घेऊ नकोस. डॉक्टर ज्या देतील त्या, सांगतील तितके दिवस घे. गोळी किंवा जेवण झाल्यावर तास-दीड तास चहा पिऊ नकोस, कारण चहामुळे लोह अंगाला नीट लागत नाही. जेवणात अर्धे लिंबू पिळले किंवा पेरू खाल्ला तर तेच लोह अधिक शोषले जाते. तू रात्रीच्या जेवणाच्या जागी नेमका चहाच ठेवला आहेस, हे वाचून मला फार वाईट वाटले.

हे मी केवळ वाचून सांगत नाही. पुण्यातच शिकत असताना चाळीस वर्षांपूर्वी मीही एका सत्रात रात्रीची खानावळ बंद केली होती. पदार्थविज्ञानाचे एक जाड पुस्तक स्वतःचे असावे, एवढाच हट्ट होता. चार महिने रात्री दोन केळी किंवा मूठभर चुरमुरे खाऊन अभ्यास केला. पुस्तक घेतले, आणि रसायनाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ब्युरेट स्टँडला लावताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ब्युरेट हातातून सुटली, ओट्याच्या कडेला आपटून फुटली, आणि शुद्धीवर आले तेव्हा परीक्षेची वेळ संपत आली होती. फुटलेल्या काचेची भरपाई अनामत रकमेतून कापली गेली त्याचे काही नाही, परंतु तो विषय पुन्हा द्यावा लागला आणि त्यासाठी सहा महिने जास्तीचे पुण्यात काढावे लागले. त्या सहा महिन्यांचा खर्च माझ्या वडिलांनी कसा उभा केला, हे त्यांनी मला कधीच सांगितले नाही. तू ज्या प्रयोगशाळेत उभी राहतेस तिथे गॅसचे बर्नर असतात, आम्ले असतात. तिथे तुला तिसऱ्यांदा चक्कर येऊ नये, एवढीच माझी पहिली काळजी आहे.

आता हिशेबाकडे वळू. तू आकडे लिहिलेस म्हणून मला तुझा महिना मांडून पाहता आला. खोली आणि मेस मिळून ४,४०० रुपये होतात. या दोन्हींत लगेच काही कमी करता येईल असे मला वाटत नाही. पुण्याच्या पेठांत २,८०० रुपयांत कॉट मिळाली असेल तर ती सोडू नकोस. उरलेल्या १,१०० रुपयांत रिचार्ज, झेरॉक्स, जर्नल आणि साबण-तेल यांचे साधारण आठशे धरले तर तीनशे उरायला हवेत. प्रत्यक्षात मात्र तुला तीनशे कमी पडतात. म्हणजे सहाशे रुपये कुठे तरी जात आहेत, आणि ते कुठे जातात हे तुझ्या पत्रातच आहे. रोज संध्याकाळचा एक चहा, बिस्किटांचा एक पुडा, मध्येच कधी वडापाव, म्हणजे दिवसाचे वीस रुपये आणि महिन्याचे सहाशे झाले. तू रात्रीचे जेवण वाचवत नाहीस. त्याचे पैसे देतेस आणि त्या पैशांत मैदा, साखर आणि पामतेल विकत घेतेस. मी तुला दोष देत नाही. भुकेच्या वेळी हातात वीसच रुपये असतील आणि समोर टपरी असेल, तर कुणीही हेच करील. आपल्याला करायचे आहे ते इतकेच, की हे वीस रुपये तसेच ठेवायचे आणि त्यांच्या शेजारी तुझ्या घरात जे आहे ते आणून ठेवायचे.

तुझ्या घरात काय आहे? तुझ्या पत्रातले मंगळवेढा हे नाव वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा ज्वारीच आली. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत पावसाच्या ओलीवर येणारी मालदांडी ज्वारी साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेली आहे. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. जिथल्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे उपाशी लोकांसाठी उघडली असे परंपरा सांगते, ते हे गाव. त्या मुलखातल्या शेतकऱ्याची मुलगी पुण्यात रात्री बिस्किटे चहात बुडवून खाते आणि घरी कणगीत ज्वारी असते. तुझ्या वडिलांकडे रोख पैसा कमी आहे, हे खरे. परंतु तू पैशांशिवाय घरून काहीच मागितलेले नाहीस, हेही तितकेच खरे आहे. मला तुझ्या पत्रातली सगळ्यांत मोठी अडचण इथेच दिसते. आईकडे जे देण्यासारखे आहे ते तू मागत नाहीस, कारण मागितले तर तू उपाशी राहतेस हे तिला कळेल.

खोलीत शेगडी चालत नाही, म्हणून ज्वारीचे पीठ आणून उपयोग नाही. तुमच्या सोलापूरकडची कडक भाकरी मात्र यासाठीच आहे. तुझ्या आईला ती येतच असेल, तरी तुला कदाचित करून पाहण्याची वेळ आली नसेल म्हणून सांगते. पिठात मीठ आणि थोडे तीळ घालून भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापायची, दोन्ही बाजूंनी भाजायची आणि मग मंद आचेवर फडक्याने किंवा लाकडी गोळ्याने दाबत दाबत तिच्यातला ओलावा पूर्ण जाईपर्यंत ठेवायची. ती पापडासारखी कडक झाली आणि बोटाने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजली की झाली. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ती तीन-चार आठवडे सहज टिकते. महिन्याला पन्नास-साठ भाकरी तुला पुरतील. खाताना ती ताटलीत चुरायची, वर वाटीभर ताक किंवा पातळ आमटी घालायची आणि पाच मिनिटे झाकून ठेवायची. भाकरी भिजून फुगते, मऊ होते, आणि तिळाचा वास वर येतो. ताकाची लहान पिशवी डेअरीत स्वस्त मिळते. दुपारच्या मेसमधून छोट्या डब्यात आमटी मिळाली तर तेवढाही खर्च नाही, पण त्याविषयी पुढे लिहिते.

भाकरीच्या जोडीला शेंगदाण्याची चटणी हवी, तीही घरचीच. कारळ्याची किंवा जवसाची चटणी असेल तर आलटून पालटून खा. याशिवाय आईकडून दोन किलो मटकी आणि दोन किलो हुलगे मागवून घे. सकाळी मूठभर मटकी डब्यात भिजत घाल, रात्री पाणी काढून ओल्या रुमालात बांधून ठेव, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात. घरमालकीणबाईंना विजेची किटली चालते का, हे एकदा नम्रपणे विचार. शेगडीला नाही म्हणणाऱ्या अनेक जणी पाणी गरम करण्याच्या किटलीला हरकत घेत नाहीत. किटलीतल्या उकळत्या पाण्यात मोड दहा मिनिटे झाकून ठेवले की ते खाण्याजोगे मऊ होतात, आणि कच्च्या मोडांनी पोट बिघडण्याची भीतीही कमी होते. त्यावर कांदा, मीठ, तिखट आणि अर्धे लिंबू घाल. अंडी खात असशील तर त्याच किटलीत एक अंडे उकडून घे. नसशील तर त्याऐवजी वाटीभर दही ठेव, म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्वही थोडेफार मिळेल, जे धान्या-कडधान्यांत नसते. हुलग्यांचे पीठ करून दिले तर किटलीच्या पाण्यात त्याचे माडगे होईल असे वाटेल, परंतु माडगे नीट शिजवावेच लागते. ते घरी गेल्यावर आईच्या हातचेच खा.

हे सगळे मी तोंडाला पाणी सुटावे म्हणून लिहीत नाही, त्यामागे हिशेब आहे. पन्नास किलो वजनाच्या मुलीला दिवसाला साधारण ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन भाकरींतून १०, मोठ्या दोन चमचे भरून घेतलेल्या शेंगदाण्याच्या चटणीतून ६-७, मूठभर मटकीतून ७ आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम, म्हणजे एकट्या रात्रीच्या जेवणातून तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. बाकीची दुपारच्या वरण-पोळीतून येतात. खर्च किती? ज्वारी, शेंगदाणे, मटकी घरची आहे. अंडे, कांदा, लिंबू, ताक मिळून दिवसाला पंधरा ते वीस रुपये होतील, म्हणजे तुझ्या चहा-बिस्किटांइतकेच. चहा पूर्ण सोड असे मी म्हणणार नाही. अभ्यासाला बसताना एक कप चहा लागतो हे मला माहीत आहे. तो दुपारी चारला पी, रात्री नको.

एक अडचण तू लिहिलेली नाहीस, पण मला ती जाणवते. खोलीत चार मुली असतील, त्यांतल्या कुणाचा रात्रीचा डबा येत असेल, कुणी बाहेरून मागवत असेल, आणि त्यांच्यासमोर भाकरी चुरून खायला तुला संकोच वाटेल. हा संकोच खरा असतो आणि वाटू नये म्हटल्याने जात नाही. एवढेच सांगते, की याच शहरात खेड्यापाड्यांतून आलेली मुले एके काळी वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात दिवसांची सात घरे ठरलेली असत आणि परक्याच्या ओसरीवर पान वाढून घेऊन त्यांनी शिक्षण पुरे केले. पुढच्या काळात आसपासच्या तालुक्यांतून एसटीने भाकरीचे डबे पुण्यात येत आणि मुले ते घ्यायला स्थानकावर जाऊन थांबत. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमधली मुले जेवावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. तुझ्या ताटात तुझ्या वडिलांच्या शेतातले धान्य असेल. ते कुणाच्याही नजरेपुढे खाण्याजोगे आहे.

आता मेसविषयी. एक वेळचे १,६०० रुपये तू महिन्याच्या सुरुवातीला भरत असशील. मग खाड्यांचा नियम काय आहे, हे मेसवाल्या मावशींना स्पष्ट विचारून घे. बहुतेक मेसमध्ये सलग तीन किंवा त्याहून जास्त दिवस जेवणार नसल्याचे आधी सांगितले तर ते दिवस पुढे धरतात. न सांगता गेलीस तर पैसे बुडतात. तू सणाला किंवा सुट्टीत घरी जातेस तेव्हा असे किती दिवस फुकट गेले असतील, याचा विचार कर. दुसरे म्हणजे, दुपारी मेसमध्ये पोटभर जेव. थाळी अमर्यादित असेल तर तिसरी पोळी आणि दुसऱ्यांदा वरण घ्यायला लाजू नकोस. पालेभाजी असेल त्या दिवशी ती आवर्जून घे. आणि तिसरे, मावशींना एकदा गर्दी ओसरल्यावर, दुपारी तीननंतर भेटून खरी परिस्थिती सांग. रोज छोटा डबा आमटी नेऊ दिली तर महिन्याला किती घ्याल, असे विचार. व्यवहार म्हणून विचार, म्हणजे त्यांनाही नाही म्हणणे किंवा सवलत देणे सोपे जाते. पेठांतल्या मेस चालवणाऱ्या बायकांनी अशी शेकडो मुले पाहिलेली असतात, आणि त्यांतल्या पुष्कळजणी स्वतः कधी तरी अडचणीतून ही चूल मांडून बसलेल्या असतात. काही मेसमध्ये वाढायला किंवा हिशेब लिहायला हात हवे असतात आणि त्या बदल्यात जेवण मिळते. तासाभराचे असे काम मिळाले आणि कॉलेजची वेळ सांभाळून जमले तर जरूर कर. रविवारी रात्रीचा एखादा वडापाव मात्र तुझ्या हिशेबात असू दे. सगळेच मोजून-मापून जगता येत नाही.

शिवभोजन थाळीबद्दल तू ऐकले असशील. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या या योजनेत दुपारच्या वेळी दहा रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात मिळतो. थाळ्यांची संख्या ठरलेली असते आणि वेळही मर्यादित असते. तुझ्या रोजच्या मेसला तो पर्याय नव्हे, पण खाड्याच्या काळात किंवा परीक्षेनंतर मेस बंद केलेली असताना उपयोगी आहे. जवळचे केंद्र चालू आहे ना, एवढी आधी खात्री करून जा.

यापुढचा भाग कागदपत्रांचा आहे, आणि तो कंटाळवाणा असला तरी तुझ्या साडेपाच हजारांत खरी भर यातूनच पडू शकते. तू कोणत्या प्रवर्गातली आहेस हे पत्रात लिहिलेले नाही, म्हणून सगळेच सांगते. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिच्यात भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००, असे वर्षाला ६०,००० रुपये धरलेले आहेत, म्हणजे महिन्याला पाच हजार. तुला घरून येतात जवळपास तेवढेच. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम योजना आहे, तर इतर मागास, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मराठा किंवा खुल्या प्रवर्गातली असशील, तर वडील अल्पभूधारक असल्याचा दाखला घेऊन डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची चौकशी कर. फीसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीही पाहा. यांतल्या अटी अभ्यासक्रम, गुण, उत्पन्न आणि हजेरी यांनुसार बदलतात, आणि अर्जाची मुदत एकदा गेली की वर्ष जाते. म्हणून महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकांकडे उद्याच जा, आणि घरी फोन करून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि सातबारा यांतले काय तयार आहे ते विचार. तुझे बँक खाते आधारला जोडलेले नसेल तर तेही करून घे; पैसे थेट खात्यात येतात आणि पुष्कळांचे याच कारणाने अडकतात. मंजुरी मिळाली तरी रक्कम हातात पडेपर्यंत ती खर्चात धरू नकोस.

महाविद्यालयातच आणखी एक दार ठोठावण्यासारखे आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाची ‘कमवा व शिका’ योजना संलग्न महाविद्यालयांतही चालते. ग्रंथालय, प्रयोगशाळा किंवा कार्यालयात ठरावीक तास काम करून मानधन मिळते. तुमच्या महाविद्यालयातले विद्यार्थी विकास अधिकारी कोण आहेत ते विचारून त्यांना भेट. बाहेर रात्रपाळीचे काम शोधण्यापेक्षा हे काम तुझ्यासाठी कितीतरी बरे, कारण ते आवारातच असते आणि परीक्षेच्या दिवसांत सवलत मागता येते. पेठेतल्या एखाद्या घरी सातवी-आठवीच्या दोन मुलांची गणित-विज्ञानाची शिकवणी मिळाली तरी मैत्रिणीचे १,८०० रुपये दोन-तीन महिन्यांत फिटतील. दिवसाला एका तासाहून जास्त वेळ मात्र कशालाच देऊ नकोस. तू पुण्यात शिकायला आली आहेस.

मैत्रिणीच्या देण्याबद्दलही तिच्याशी मोकळेपणाने बोल. दर महिन्याला दोनशे रुपये देईन असे सांग आणि पाळ. ठरलेले दोनशे रुपये वेळेवर मिळत राहिले की मैत्री टिकते. महिनाअखेरीला तोंड चुकवत राहिलीस तर टिकत नाही.

ॲपवरच्या कर्जाला माझा स्पष्ट नकार आहे. तीन हजारांचे कर्ज मागितले की हातात दोन-सव्वादोन हजार पडतात, आठवड्याने पूर्ण रकमेची मागणी सुरू होते, आणि फेडण्यासाठी दुसरे ॲप उघडावे लागते. मुलींच्या बाबतीत याहून वाईट घडते. असली ॲप मोबाइलमधले सगळे नंबर आणि छायाचित्रे काढून घेतात, आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून, छायाचित्रांत फेरफार करून छळ करतात. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले नंबर, फाइली घेऊ नयेत आणि खरे कर्ज देणारी संस्था कोणती ते आधी सांगावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलेले आहे. जे ॲप हे पाळत नाही ते कशासाठी आहे हे ओळखून घे. खोलीतल्या मुलीने आधीच घेतले असेल आणि तिला धमक्या येत असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करायला तिलाही सांग.

पुढच्या जूनचा विचार आतापासून कर. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय देते. डॉ. अच्युतराव आपटे यांनी ती उभी केली, आणि तिथे मुले वसतिगृहाची कामेही स्वतः करतात. पुढच्या वर्षी तुझ्या वर्गासाठी तिथे किंवा शासकीय वसतिगृहात प्रवेश असेल का, हे प्रत्यक्ष जाऊन विचार. तो मिळाला नाही तर स्वयंपाकाला परवानगी असलेली खोली तिघी-चौघींनी मिळून घ्या. भाडे थोडे जास्त पडले तरी मेसचे पैसे वाचतात, पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि तीन लिटरचा कुकर एवढ्यावर चौघींचा संसार चालतो, आणि मग मंगळवेढ्याहून भाकरीऐवजी पीठच येऊ शकेल. त्या वेळी आणखी एक लक्षात ठेव. तुमचे रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचे असेल आणि त्यावर तुझे नाव व ई-केवायसी झालेले असेल, तर तुझ्या वाट्याचे महिन्याचे पाच किलो धान्य पुण्यातल्या रेशन दुकानातही अंगठा लावून उचलता येते. घरी त्याची गरज असेल तर मात्र ते तिथेच राहू दे.

आता राहिला तो फोन. आईला काय सांगू, हे तू विचारलेले नाहीस, तरी मला वाटते पत्र लिहिताना तुझ्या मनात तेच होते. ‘आई, मी उपाशी राहते,’ असे एका वाक्यात सांगून तिला रात्रभर जागी ठेवू नकोस. ‘रात्रीची मेस मी घेत नाही, परवडत नाही, त्याऐवजी तुझ्या हातच्या कडक भाकरी, चटणी आणि मटकी मिळाली तर माझे भागेल,’ असे सांग. तिला काळजी वाटेल, पण त्याच क्षणी तिच्या हाताला काम मिळेल. पैसे वाढवून पाठवा म्हटले असतेस तर तिला वडिलांकडे आणि वडिलांना सावकाराकडे पाहावे लागले असते. भाकरी म्हटल्यावर ती पीठ दळायला टाकेल. रोजच्या जेवणाबाबत जे खोटे सांगत आलीस त्याची कबुलीही त्यातच होऊन जाईल, वेगळी द्यावी लागणार नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी जाऊन सोमवारी पहाटे परतायचे झाले तर तेवढा खर्च तुझ्या हिशेबात बसू शकेल. पहिल्या फेरीला रिकामा पत्र्याचा डबा बरोबर घेऊन जा, झाकण घट्ट बसणारा. पुण्यात पावसाची हवा लागली की कडक भाकरी दोन दिवसांत सादळते.

हिमोग्लोबिनचा आकडा हाती आला की मला कळव, आणि पत्राच्या खाली या वेळी तुझा पत्ता लिही.